कापड घरचं, लाकूड पारखून: सोलापुरात बाळाची खोली मांडताना

सोलापुरातल्या घरात बाळासाठी कापड विकत आणायची वेळ सहसा येत नाही. ट्रंकेत आजीची सुती इरकल असते, कपाटात दोन-तीन चादरी असतात, लग्नात आहेर म्हणून आलेले टॉवेल अजून पिशवीतून बाहेर निघालेले नसतात. लाकूड मात्र बाहेरून येतं. कुणाच्या तरी माळ्यावरचा पाळणा, मंगळवार बाजारात दिसलेलं टेबल, फळवाल्याकडच्या रिकाम्या पेट्या. घरचं धुवट कापड बिनधास्त घ्या, जुनं लाकूड मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. खालचा सगळा तपशील या एका फरकावर उभा आहे.

कुठल्या घरात, किती दिवसांसाठी?

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असेल तर दोन्ही घरी तीच मांडणी करू नका. माहेरी पहिले अडीच-तीन महिने जातात. तिथे पाळणा शोभतो आणि उपयोगीही पडतो. बाळ सासरी येतं तेव्हा तीन महिन्यांचं झालेलं असतं, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात ते कुशीवर वळायला, हातांवर अंग उचलायला लागतं. त्या दिवसापासून पाळणा बंद, झोळी बंद. म्हणजे सासरी हौसेने घेतलेला नक्षीचा पाळणा जेमतेम दीड महिना झुलतो आणि मग त्यात घड्या न केलेले कपडे पडतात. सासरी जमिनीवरची सपाट गादी किंवा कठड्याची खाट हवी. पाळणा एकच असू द्या, तोही माहेरी. नाहीतर बारशापुरता मागून आणा.

घासणं, खरवडणं, रंग देणं ही कामं गरोदर बाईने करायची नाहीत, आणि ती चालू असताना त्या खोलीत थांबायचंही नाही. रंगाचा शेवटचा हात आणि बाळाचं येणं यांत किमान तीन आठवडे जाऊ द्या. खिडक्या उघड्या ठेवा. वास गेला असं वाटलं तरी कपाटाचं दार उघडून आत नाक घालून बघा, वास तिथेच कोंडतो.

आधी खोली थंड

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर राहणाऱ्या गावात भिंतीवर हत्ती-ससे काढण्याआधी भिंत किती तापते ते बघावं लागतं. दुपारी चार वाजता चारही भिंतींना तळहात लावा. पश्चिमेची भिंत सर्वांत गरम लागेल, आणि ती रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. बाळाची जागा तिच्या समोरच्या, आतल्या भिंतीकडे असावी. भिंतीला अगदी चिकटवू नका. पाळणा असेल तर चारी बाजूंनी दोन फूट मोकळं हवं, नाहीतर झोका भिंतीवर आदळतो.

वरच्या मजल्यावर असाल तर गच्चीला चुना द्या. याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. विरलेला चुना १ किलो, पाणी ५ लिटर. रात्रभर भिजवून जुन्या धोतरातून गाळा, त्यात थोडं डिंकाचं पाणी किंवा सुतारकामाचा पांढरा गोंद घाला आणि झाडून धुतलेल्या गच्चीवर दोन ते तीन हात मारा. पहिला हात पातळच असू द्या. जाड थर दिला की वाळताना पापुद्रे सुटतात. कळीचा, म्हणजे न विरलेला, चुना आणलाच असेल तर पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उसळतो आणि डोळ्यांत जातो. हातमोजे आणि चष्मा लागतोच. हा चुना पावसात धुऊन जातो, तेव्हा दरवर्षी मार्चअखेर पुन्हा.

पत्र्याचं घर असेल तर चांदवा बांधा. जुन्या दोन चादरी लांबीला जोडून, चारही बाजूंना दुमडून शिवून त्यात दोरी ओवायची, आणि पत्र्यापासून वीत-दीड वीत खाली ताणायची. मधली हवा दोन्ही टोकांना वाहती राहिली पाहिजे, नाहीतर चांदवाच तापतो. दिवा आणि पंखा यांच्यापासून तो दूर ठेवा, आणि महिन्याला काढून धुवा. उंदीर आणि धूळ दोघांनाही ही जागा आवडते.

खिडकीला सोलापुरी चादरीचा पडदा लावायचा तर तो बाहेरून लावा. ऊन काचेतून आत आलं की मग पडदा फक्त ते आत कोंडतो. जुनी, रंग उडालेली चादर घ्या, वरची कड १० सेंटिमीटर दुमडून शिवा, त्यात बांबू किंवा पाइप घाला आणि काचेपासून वीतभर अंतर सोडून टांगा. आत पांढरं सुती धोतर पुरतं. पडद्याच्या दोऱ्या, गोंडे, बंद बाळाच्या हाताला लागतील असे लोंबू देऊ नका.

कूलरचा झोत बाळावर नको, आणि समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी हवी. सगळं बंद करून कूलर लावला की तासाभरात खोली दमट होते, गादी ओलसर लागते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. नळाला रोज पाणी येत नसल्याने घरात पिंपं भरून ठेवावीच लागतात. त्यांची तोंडं कापडाने घट्ट बांधा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही लागते. ती घरी शिवण्याच्या भानगडीत पडू नका. छत्रीसारखी उघडणारी तयार घ्या, आणि तिची कड जमिनीला सगळीकडून टेकते का हे दुकानातच उघडून बघा. वरून टांगायची जाळी सुटून बाळाच्या तोंडावर पडू शकते.

शेजारी यंत्रमाग असेल तर आवाजाची बाळाला सवय होते, तुसाची होत नाही. झाडूने ते उडतं. दिवसातून एकदा ओल्या फडक्याने जमीन आणि फळ्या पुसणं हाच उपाय आहे.

लाकूड कसं बघायचं

जुना पाळणा किंवा खाट बघायला जाताना टेप, टॉर्च, जुनं एटीएम कार्ड आणि पांढरा रुमाल न्या. दिवसाउजेडी जा. विकणारा घाई करत असेल तर परत या.

पहिले ढेकूण. सांध्यांच्या फटीत, स्क्रूच्या भोकांत, नवारीच्या घड्यांत, खणाच्या खालच्या बाजूला टॉर्च मारा. शाईने टिंब दिल्यासारखे काळे डाग, पांढुरकी अंडी किंवा वाळलेली फोलपटं दिसतात का बघा. फटीतून कार्ड ओढून पांढऱ्या रुमालावर झटका. काळा डाग ओल्या रुमालाने पुसल्यावर तांबूस पसरला तर तो ढेकणाचाच. अशी वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नका, एक पाळणा सगळं घर भरतो.

दुसरी कीड. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर ठोकून बघा. खाली पिठासारखा भुगा पडला की कीड चालू आहे. जुनी, रिकामी भोकं असतील तर लाकूड वापरता येतं, पण वजन पेलणाऱ्या भागात नाही.

तिसरा रंग, आणि इथे लोक सर्वांत जास्त चुकतात. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधी रंगवलेल्या पाळण्यात शिसं असू शकतं, खास करून पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइलपेंटात. दात शिवशिवू लागले की बाळ कठडा चघळतं. पॉलिश पेपरने घासलं तर धूळ घरभर होते, आणि चघळण्यापेक्षा ती धूळ जास्त वाईट. वरून नवा रंग मारला तरी कोपरे उडतातच. म्हणून जुना रंगीत पाळणा, रंग कधीचा ते माहीत नसेल तर, घेऊच नये. बिनरंगाचा किंवा नुसतं पॉलिश केलेला सागवानी किंवा बाभळीचा पाळणा मिळतो, थोडी वाट बघावी लागते. घरातलाच पिढीजात पाळणा रंगीत असेल तर बारशाला मांडा, फोटो काढा, झोपायला दुसरीकडे.

चौथं अंतर. दोन गजांमधली जागा ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. त्यातून बाळाचं धड निसटतं आणि डोकं अडकतं. एकही गज सुटलेला असला तर तो आधी बसवा. वर-खाली सरकणारा कठडा असलेली खाट घेऊ नका. याच कारणाने अमेरिकेत २०११ पासून तिची विक्री बंद आहे: खिट्टी झिजली की कठडा एका कोपऱ्यात सुटतो आणि फट पडते. कोपऱ्याच्या खांबांवर लट्टूसारखे शेंडे असतील तर ते कठड्याच्या बरोबरीने कापून घ्या, झबल्याचा बंद त्यात अडकतो.

पाचवे सांधे. खाट कोपऱ्यातून धरून तिरकी हलवा. करकरली तर स्क्रू आवळून चालत नाही. जुनं भोक मोठं झालेलं असतं, त्यात बांबूची काडी गोंद लावून ठोकायची, चोवीस तासांनी कापून पुन्हा स्क्रू मारायचा. खिळ्यांनी जोडलेला सांधा झोक्याने सैल होत जातो. पाळण्याला नटबोल्टच हवेत.

भुशाच्या बोर्डाचं फर्निचर जुनं घेण्यात अर्थ नाही. एकदा पाणी लागलं की फुगतं, आणि स्क्रू दुसऱ्यांदा धरत नाही. लोखंडी पाळण्यात वेल्डिंगच्या गाठींवरून सुती फडकं फिरवा. धागा अडकला तिथे कानस लागेल.

पास झालेलं लाकूड घरी आणल्यावर आधी अंगणात किंवा गच्चीवर. सुटे होणारे भाग सोडवा, सांध्यांत उकळतं पाणी ओता (बोर्ड असेल तर नाही), कोरडं होऊ द्या. मग काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवा. ढेकूण आणि अंडी मरायला लाकडाच्या आतपर्यंत साधारण ५० अंशांचा ताप काही तास लागतो. मे महिन्यातली गच्ची बारीक गजांना तो देते, जाड खांबांना नाही. म्हणून तीन-चार दिवस बाजू बदलत ठेवा आणि खांबाच्या भोकांत पाणी दोनदा ओता. रॉकेल किंवा डिझेल चोळायची जुनी पद्धत बाळाच्या वस्तूला नको. वास महिनाभर जात नाही.

नंतर पॉलिश पेपर ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०, नेहमी रेषेच्या दिशेने. रंगवायचंच असेल तर पाण्यात मिसळणारा इनॅमल, डब्यावर शिसं नसल्याचा उल्लेख बघून, पातळ दोन हात. चघळायचा कठडा मात्र कोराच ठेवा आणि ओल्या फडक्याने पुसत जा.

वाकळीची गादी

पाळण्याची तयार फोमची गादी मऊ असते, आणि बाळाला मऊ गादी घातक आहे. तोंड रुतलं तर त्याला वळवता येत नाही. पिंजाऱ्याकडची कापसाची गादी चार महिन्यांत गोळे धरते. जुन्या साड्यांची घट्ट शिवलेली वाकळ सपाट राहते, धुता येते, उन्हात वाळते. खाली पाळण्याचा तळ फळीचा हवा. तळाला नवार असेल तर मापाचा १२ मिलिमीटर प्लायवूड टाका, त्यात हवेसाठी दहा-बारा भोकं पाडा.

पाळण्याची आतली जागा ९० गुणिले ५० सेंटिमीटर धरली तर हिशेब असा:

१. कापड ९५ गुणिले ५५ कापा. शिवताना ते आवळतं, आणि कडाही दुमडायच्या असतात.

२. साडेपाच मीटरची, ४५ इंच पन्ह्याची सुती साडी घेतली तर लांबीत पाच आणि पन्ह्यात दोन असे दहा तुकडे निघतात. म्हणजे एका साडीत एक गादी. बोटाएवढी जाडी हवी तर दोन साड्या. वरच्या आणि खालच्या थराला धुतलेला मांजरपाट वेगळा.

३. सगळं कापड आधी गरम पाण्यात धुऊन आटवून घ्या. थरांत नवं-जुनं मिसळलं आणि नवं नंतर आटलं, तर गादीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. पुन्हा सपाट होत नाही.

४. जरी, कडक काठ, टिकल्या, फॉल कापून टाका. सिंथेटिक साडी घेऊ नका, घाम टिपत नाही.

५. जमिनीवर पाण्याचा हबका मारून, हाताने सपाट करत एकेक थर घाला. मग मधून बाहेर अशा फुलीत मोठे कच्चे टाके घाला. हे टाळून सरळ कडेपासून शिवायला घेतलं की सगळा फुगा मध्यावर गोळा होतो. गोधडी बिघडते ती इथेच.

६. कड दुमडून आतल्या बाजूला पक्की करा, नंतर जाड सुती दोऱ्याने दोन बोटं अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी. टाका साधारण एक सेंटिमीटरचा. दोरा ओढू नका. ओढलेल्या ओळीत नाल्या पडतात.

७. पाळण्यात घालून कडेला दोन बोटं सरकवा. दोनपेक्षा जास्त बोटं गेली तर आणखी एक पट्टी जोडा. फटीत चिंधी कोंबून काम भागवू नका.

अशा तीन गाद्या करा: एक खाली, एक दोरीवर, एक ओली. गादीवरच्या चादरीसाठी गादीची लांबी आणि रुंदी, त्यात जाडीची दुप्पट आणि २० सेंटिमीटर मिळवून कापड कापा, कोपरे शिवा, कडेने इलॅस्टिक ओवा. सैल चादर गोळा होऊन तोंडावर येते. गादी आणि चादरीच्या मध्ये मेणकापड फक्त कमरेखाली, पूर्ण लांबीचं नको. उन्हाळ्यात पाठ भिजते.

दुपट्यांसाठी दुसरी साडी. ९० सेंटिमीटरचे सहा चौकोन निघतात, दुहेरी केले की तीन दुपटी. कडेला उरलेल्या वीतभर पट्टीचे लंगोटाचे बंद होतात.

झोळी

झोळीत बाळ पटकन झोपतं हे खरं, पण कापड बाळाला कमानीसारखं वाकवतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. त्यामुळे झोळी डोळ्यांसमोर, थोड्या वेळापुरती. झोप लागली की उचलून सपाट गादीवर, पाठीवर. नवजात आणि कमी दिवसांच्या बाळाला झोळीत घालायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

कापड सुतीच हवं, नऊवारी उत्तम. रेशमी आणि सिंथेटिकची गाठ सरकते. उजेडासमोर धरून विरलेली जागा शोधा, आणि दोन्ही हातांनी आडवं-उभं जोरात ताणा. 'चर्र' आवाज आला की ते दुपट्यांना. बाळाच्या वरच्या बाजूला दोन्ही पदरांत आडवी काठी घाला, म्हणजे कापड तोंडावर मिटत नाही.

हूक कुठे, हा खरा प्रश्न. स्लॅब टाकताना सळईला बांधलेला हूक सर्वांत भरवशाचा. नंतर बसवायचा तर १० मिलिमीटरचा अँकर फास्टनर (भोकात फुगून बसणारा बोल्ट) स्लॅबमध्ये, प्लॅस्टरमध्ये नव्हे. पेठेतल्या जुन्या माळवदाच्या घरात तुळईला स्क्रूचा हूक फिरवून मोकळं होऊ नका. तुळईतून आरपार भोक पाडून बोल्ट आणि वर रुंद वायसर लावा. त्याआधी तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, वाळवीने पोखरलेली तुळई आतून भुसभुशीत लागते. पत्र्याखालच्या पातळ पाइपला झोळी बांधायचीच नाही, स्टँड घ्या. पंख्याच्या पात्यांपासून चार फूट दूर.

पहिल्यांदा ज्वारीच्या दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या झोळीत ठेवून रात्रभर टांगा, सकाळी झोके द्या. गाठ किती सरकली, हुकाभोवती भुगा पडला का, कापड हुकाशी कातरलं का ते बघा. झोळीचा तळ जमिनीपासून दीड फुटाच्या आत, खाली वाकळ पसरलेली. हुकाशी कापड रोज घासतं म्हणून दर आठवड्याला गाठीची जागा बदला.

फळ्या, पेट्या, कपाट

आंब्याच्या लाकडी पेटीची फळी छान होते, पण पेटीत खिळ्यांइतक्याच तारेच्या पिनाही असतात. जंबुरने सगळ्या काढा, पेटी वाजवून सैल पट्ट्यांना गोंद आणि छोटे स्क्रू लावा, मग पॉलिश पेपर. आतून हात फिरवल्यावर कुसळ लागलं तर पुन्हा घासा. भिंतीला लावताना आतल्या वरच्या पट्टीतून दोन लोखंडी एल अँगल, ८ मिलिमीटरचे गट्टू (भोकात स्क्रू धरणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या), ५० मिलिमीटरचे स्क्रू. जुन्या काळ्या दगडाच्या भिंतीत गट्टू मातीच्या दर्जेत, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यात, गेला तर दोन दिवसांत बाहेर येतो, भोक दगडातच पाडा. वीट असेल तर विटेच्या मध्यावर. एका पेटीवर चार-पाच किलोंपेक्षा जास्त नको, आणि बाळाच्या झोपायच्या जागेच्या वर काहीच नको, देवाची तसबीरसुद्धा.

जुनं लोखंडी कपाट जड म्हणून पडणार नाही असं वाटतं. खालचे खण उघडून पोर त्यावर चढलं की तेच पुढे येतं. वरच्या कडेला दोन अँगल मारून भिंतीला बांधून टाका, आत्ताच. वर्षाने कुणाला आठवत नाही. ट्रंकेचं झाकण जड असतं, बोटं चेचतात, तिला कुलूप.

लंगोट बदलायला उंच टेबल कशाला? बाळ पहिल्यांदा वळतं ते नेमकं तिथेच. खाली बसून बदला. त्यासाठी मोठा टर्किश टॉवेल मध्ये दुमडा, दोन थरांत मेणकापड, तीन बाजू शिवा, चौथीला बंद. नवा टॉवेल सुरुवातीला पाणी टिपत नाही, तूसही सोडतो. दोन-तीन वेळा फक्त साबणाने धुवा, मऊपणाचं औषध घालू नका. कारखान्याच्या दुकानात किंचित खोट असलेला सेकंड माल विचारून पाहा, धागा सुटलेला असला तरी या कामाला चालतो. गडद रंग आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून तपासा. रंग सुटला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळा धुवा.

चिमणाळं आणि नसलेल्या वस्तू

नवजात बाळाला वीतभर ते फूटभर अंतरावरचं स्पष्ट दिसतं, आणि सुरुवातीचे आठवडे काळं-पांढरं जास्त खिळवतं. फिक्या गुलाबी-निळ्याची हौस आईबापांची. घरच्या चिमणाळ्याला (पाळण्यावर टांगायच्या खेळण्याला) वीतभर व्यासाची बांबूची कडी, चार-पाच कापडी पोपट, आत चिंध्या. प्रत्येक पोपट साडेचार सेंटिमीटरपेक्षा मोठा, दोरा १५ सेंटिमीटरच्या आत. घुंगरू, मणी, बटण काही नको. डोळे धाग्याने काढा. ते तोंडावर टांगण्याऐवजी पायांच्या बाजूला टांगा, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. बाळ हातांवर उठू लागलं की काढून ठेवा.

झोपायच्या जागेत राईची उशी, कडेचे गुबगुबीत लोड, मऊ बाहुल्या, अंगावर सोलापुरी चादर, यातलं काहीही नको. चादर देखणी आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, पण जड आहे आणि तिची वीण बाळाच्या कातडीला टोचते. तिला भिंतीवर ताणून लावा, चटईवर अंथरा. दृष्टीचा काळा दोरा आणि बाहुली दाराच्या चौकटीला. शेगडीची धुरी बंद खोलीत कधीच नाही; कोळशाच्या धुरातला विषारी वायू वास न देता मारतो. शेक घ्यायचाच तर दारं उघडी ठेवून, बाळ दुसऱ्या खोलीत.

सगळं मांडून झालं की एका रात्री दिवे घालवून, शून्य नंबरचा दिवा लावून खोलीत बसा. डाव्या हातात दोन-अडीच किलोची पिशवी धरा, आणि उजव्या हाताने मच्छरदाणी उघडा, लंगोट घ्या, ओला बादलीत टाका, दुपटं काढा, परत मच्छरदाणी लावा. जिथे उठावं लागलं ती वस्तू चुकीच्या जागी आहे. जिथे पाय अडखळला ती बहुतेक ट्रंकच असते.